सुधाचं दुसरं ताट

आमच्या पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमध्ये किस्से कुठे जमतात म्हणाल, तर तळघरातल्या लाँड्रीत. ड्रायरच्या जाळीवर कपड्यांचा भुसा जमतो ना, तसेच. जाळी आज साफ करा, पुढच्या शनिवारी पुन्हा बोटभर थर! मी काही मुद्दाम ऐकायला जात नाही. पण चादरींच्या घड्या घालायला वेळ लागतो, आणि कानांची काही घडी घालता येत नाही.

असंच एका शनिवारी मशीनच्या पलीकडून कुमुद देशमुखचा आवाज आला. कुणाला तरी सांगत होती, "अगं, माधवरावांनी तिकडे घर केलंय म्हणे! माझा मावसभाऊ कामानिमित्त तिकडे गेला होता, त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आणि त्या घरात..."

नेमकं तेव्हाच माझं मशीन स्पिनवर गेलं! आमचं ते मशीन स्पिनला लागलं की विमान उडाल्यासारखं वाटतं. ते थांबेपर्यंत त्या दोघी वर निघून गेल्या होत्या.

माधवराव म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या सुधाचे मिस्टर. इंजिनिअर. इथला प्लांट बंद झाला, ले-ऑफ मिळाला, तेव्हापासून घरीच होते. दिवसभर खिडकीत बसून पार्किंग लॉट बघायचे. कुणाची गाडी किती वाजता येते ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत, म्हणजे बघा! मग ट्युनिशियात समुद्राकाठी एका खताच्या कारखान्यावर दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. दोन वर्षं संपली, तिसरंही संपत आलं. पैसे वेळेवर यायचे, सणासुदीला फोन यायचा. माणूस मात्र येत नव्हता.

मला त्या रात्री झोप लागेना. सकाळी चहाचं निमित्त करून कुमुदकडे गेले. "काल तू काय म्हणत होतीस गं? त्या घरात काय?"

तिनं आधी दार लावून घेतलं. "बाई! दोरीवर बायकी कपडे वाळत होते, भावानं बघितले. सुधाला सांगायचं नाही हं, शालू!"

सुधाला सांगायचं नाही असं आमचं पक्कं ठरलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत तिला कळलं होतं.

*

सुधा भांडली नाही, रडली नाही. आमच्याकडे येऊन सोफ्याच्या कडेवर बसली. "शालूताई, मला तिकडे जायचंय. येतोस की नाही, एवढं त्याला तोंडावर विचारायचंय. पण एकटीला नाही जमायचं."

आता हे चारचौघांत बोलायचं कसं? शेवटी कुमुदच्या नवऱ्यानंच तोड काढली. बबनराव नागपूरचे. सगळ्यांसमोर जाहीर केलं, "दरवर्षी फ्लोरिडालेच काहून जायचं जी? तिकडे बीच आहे, जुने किल्ले आहेत, ऊन आहे. आपण ग्रुपनं ट्युनिशियाले जाऊ!" म्हणजे कागदोपत्री ती सहल! आम्ही दोघं, देशमुख दोघं आणि सुधा. कुठल्या किल्ल्यासाठी चाललोय ते प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि अख्ख्या प्रवासात माधवरावांचं नाव कुणी घ्यायचं नाही, हेही न ठरवता ठरलं.

सुधानं नवऱ्याला कळवलं नाही. "कळवलं तर तिथूनही कुठे जाईल," म्हणाली.

बॅग भरताना मी तिच्या मदतीला गेले होते. कपाटात स्टीलच्या ताटांची थप्पी. लग्नात मामानं दिलेली, प्रत्येकावर नाव घातलेलं. 'चि. सौ. सुधास मामाकडून सप्रेम.' मला म्हणाली, "त्याला जाताना यातली दोनच दिली होती. दोन ताटं, दोन वाट्या, दोन फुलपात्री. तो म्हणाला, मी एकटा, दोन कशाला? मी म्हटलं, मी येईन ना कधीतरी! मी काय हातावर जेवू?"

आणि हसली. मीही हसले. करता काय!

*

एअरपोर्टवर सोडायला सुधाची मुलगी वैशाली आली होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, स्वतः ड्राइव्ह करत. आईच्या बॅगा उतरवून दिल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, इज डॅड डेड, ऑर जस्ट बिझी?"

"असं बोलू नये गं!"

"नो, आय मीन, दोन्हीला मी ओके आहे. मला फक्त फ्रेंड्सना काय सांगायचं ते सांगा."

मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. आमच्या ह्यांनी तारीख लिहून ठेवायला हवी होती!

*

ट्युनिसला उतरलो. पासपोर्ट तपासणारा माणूस मिशाळ, दिसायला कडक. आमच्या ह्यांचा पासपोर्ट उघडला आणि एकदम तोंडभर हसला. "हिंदी? सिनेमा?" मग छातीवर हात ठेवून डोळे मिटले आणि खुणेनं सांगितलं, एक गाणं म्हण! तिकडे आपल्या सिनेमाचं फार वेड. त्याची खात्रीच होती की हिंदुस्थानी माणूस म्हणजे गाणारच.

आता आमचे हे! बाथरूममध्येसुद्धा गुणगुणत नाहीत. मागे रांग वाढत चालली. बबनराव कुजबुजले, "म्हना ना जी काहीतरी!" ह्यांना घाम फुटला. आणि त्या घाबरलेल्या माणसानं, माझ्या डोळ्यांदेखत, शाळेतल्या चालीवर सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा..."

बे दाहे वीसला तो माणूस डोळे पुसत होता! धाडकन शिक्का मारला, पुढच्या चौघांचे पासपोर्ट न बघताच मारले. "लव्ह साँग?" त्यानं विचारलं. हे म्हणाले, "येस. व्हेरी ओल्ड."

सुधा मागून हळूच म्हणाली, "माझ्या लग्नाला याहून जास्त काही गायलं गेलं नव्हतं."

*

तिकडे किनाऱ्यानं खाली जायला शेअरची टॅक्सी असते. लांबलचक गाडी, ड्रायव्हर सोडून पाच माणसं. पाच भरली की निघते, नाही भरली तर बसा उन्हात. आम्ही बरोबर पाच! बबनराव खूश, "पाहा, हिशोबच करून आणला की नाही तुमाले!"

गाडीत बसताना कुमुदच्या तोंडून निघून गेलं, "पण येताना ते कुठे बसतील?" आणि जीभ चावली. नाव घ्यायचं नव्हतं ना!

सुधा शांतपणे म्हणाली, "मी टपावर बसेन."

ड्रायव्हर बोलका निघाला. बबनरावांनी निघण्याआधी कॅसेट लावून फ्रेंच शिकून घेतलं होतं, म्हणजे असं त्यांचं म्हणणं. तो आरशात बघून विचारत होता, कोण कुणाची? बबनरावांनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं, माझ्याकडे दाखवलं. मग स्वतःकडे, मग मागे, जिथे कुमुद आणि सुधा शेजारीशेजारी बसल्या होत्या. ड्रायव्हरनं गाडी चालवता चालवता मागे वळून दोघींना बघितलं, बबनरावांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि पुढच्या गावापर्यंत त्यांना रात्री घरी चहाला यायचं आमंत्रण देत राहिला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

बबनराव लालेलाल. "काँग्रॅच्युलेशन्स म्हणते. दोन-दोन!"

कुमुद भडकली. "सांगा ना त्याला, नाही म्हणून!"

"मले फक्त हो येते फ्रेंचमधे!"

सुधा अशी हसली, अशी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "असू दे गं कुमुद. समुद्र संपेपर्यंत तरी मी कुणाची तरी राहते."

समुद्र काही संपत नव्हता. डाव्या हाताला निळा, निळा, निळा. इतका सुंदर, की बघवत नव्हता.

*

सूसला मुक्काम. त्यांचा रमजान चालू होता, हे बुकिंग करताना बबनरावांनी बघितलंच नव्हतं. दिवसा चहा नाही, खानावळी बंद, रस्ते ओस. आणि दुसऱ्या दिवशी आली आमची संकष्टी! माझी, कुमुदची, सुधाची. सुधानं तर माधवराव गेल्यापासून एक चुकवली नव्हती. चंद्र बघायचा, नैवेद्य दाखवायचा, मग सोडायची.

संध्याकाळी हॉटेलात सूर्य मावळला आणि जो तो जेवायला तुटून पडला. वेटर म्हातारा, प्रेमळ. दिवसभराचा उपाशी, तरी आधी आमच्यापुढे खजूर आणि सूप आणून ठेवलं. आम्ही तिघींनी हात जोडून नको म्हटलं.

त्यानं आकाशाकडे बोट दाखवलं. सूर्य गेला!

कुमुदनं आकाशाकडे बोट दाखवलं. चंद्र यायचाय!

त्याला काही पटेना. आत जाऊन आचाऱ्याला घेऊन आला, आचारी मालकाला घेऊन आला. सगळे जेवून तृप्त झालेले आणि आम्ही तिघी सुकलेल्या तोंडानं खुर्च्या मांडून समुद्राकडे बघतोय! नेमके ढग. पंचांगात वेळ होती, पण ती मुंबईची! वेटर दर थोड्या वेळानं बाहेर यायचा, आमच्याबरोबर ढगाकडे बघायचा आणि मान हलवून आत जायचा. शेवटी सुधाला काहीतरी बोलला. मालकाला थोडं इंग्लिश येत होतं, त्यानं सांगितलं, "ही सेज, तुमचा देव आमच्यापेक्षा फार वाट बघायला लावतो."

सुधा म्हणाली, "देव नाही हो. देवाला उगाच नावं का ठेवा?"

चंद्र उगवला तेव्हा टाळ्या वाजवल्या त्या वेटरनं!

*

गाबेस म्हणून गाव आहे, तिथे तो खताचा कारखाना. गेटवर पोचलो तेव्हा सुधानं साडी नीट केली, पर्समधल्या आरशात कुंकू बघितलं. आतून एक साहेब आले. तिकडचेच, सभ्य गृहस्थ, इंग्लिश चांगलं. माधवरावांचं नाव ऐकून चेहरा खुलला. फार गुणी माणूस, म्हणाले. काम उत्तम. आम्ही थांबा म्हणत होतो, पण गेल्या वर्षी सोडून गेले.

"कुठे गेले?" सुधानं विचारलं.

"घरी," साहेब म्हणाले. "ही सेड, आय वाँट टू गो होम. आम्ही पार्टी दिली." मग सुधाच्या साडीकडे, कुंकवाकडे बघून थोडे घुटमळले. "मॅडम, तुम्ही कोण त्यांच्या?"

सुधा म्हणाली, "नेबर."

आणि वळून गाडीकडे चालायला लागली. साहेब माझ्याकडे बघत होते. नेबर मी होते!

*

आता शोधायचं कुठे? कुमुदचा भाऊ म्हणाला होता, कारखान्याच्या पुढे, समुद्रावर कुठेतरी. बबनराव म्हणाले, "फोटो दाखवून इचारू बाजारात."

फोटो! घरात कॅमेरा नेहमी माधवरावांच्या हातात. वैशालीचे वाढदिवस, नायगारा, डिस्नी, सगळीकडे सुधा आणि वैशाली, आणि जमिनीवर फार तर फोटो काढणाऱ्याची सावली. त्यांचा म्हणून एकच फोटो सुधाकडे होता, पर्समध्ये. लग्नातला!

तो घेऊन आम्ही पाचजण बाजारात फिरतोय. फोटोत माधवराव, डोक्यावर फेटा, कपाळाला मुंडावळ्या. चेहरा म्हणाल तर नाकाचा शेंडा आणि मिशीचं एक टोक! मसालेवाल्यानं फोटो हातात घेतला, चष्मा लावला, उठून उभा राहिला आणि छातीला हात लावून विचारलं, "रोई?"

"राजा आहे का, विचारते," बबनराव म्हणाले.

शेजारच्या दुकानातून लोक जमले. कुणी म्हणे राजा, कुणी म्हणे नट. एका बाईनं मुंडावळ्यांच्या जागी बोट ठेवून, आंधळा आहे का, अशी खूण केली. तास गेला. कुमुद वैतागली आणि आमच्या ह्यांच्याकडे बोट दाखवून ओरडली, "अहो, असा! असा हिंदी माणूस!"

"आ, अल-हिंदी!" मसालेवाला म्हणाला, आणि हवेतच दोरी ओढून होडीची मोटर सुरू केल्याची नक्कल केली. धड-धड-धड!

त्या सगळ्या किनाऱ्यावर दुसरा हिंदी माणूस होताच कुठे? नुसतं ह्यांचं तोंड दाखवलं असतं तरी पुरलं असतं. त्यानं लगेच रस्ता सांगितला. पुढच्या कोळ्यांच्या गावात राहतो, होड्यांच्या मोटरी दुरुस्त करतो. फार चांगला माणूस. कुणाशी बोलत नाही.

*

पांढरं, बसकं घर. दाराला निळा रंग. बाहेर दोरीवर खरोखर बायकी कपडे वाळत होते! कुमुदनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

दार उघडंच होतं. माधवराव स्टोव्हवर भात शिजवत होते. वाळलेले, काळे झालेले, पण तब्येत टकाटक. त्यांनी आमच्याकडे बघितलं, दचकले नाहीत. "अरे, या. चपला नका काढू, वाळू आहे. शालूताई, तुम्हीसुद्धा?"

जणू पार्किंग लॉट ओलांडून आलो होतो!

चहा टाकला. पण फुलपात्र एकच. म्हणून आधी ह्यांनी प्यायचा, मग विसळून बबनरावांनी, मग कुमुदनं, मग मी. भिंती पांढऱ्याफटक, एक खाट, एक खुर्ची. कुमुद बाथरूमच्या निमित्तानं सगळं घर बघून आली. मी तिच्या मागोमाग जाऊन आले, खोटं कशाला सांगू. एक टूथब्रश, एक टॉवेल. मागच्या खिडकीतून दिसलं, शेजारच्या म्हातारीची दोरी यांच्या भिंतीच्या खिळ्याला बांधलेली होती. कपडे तिचे!

सुधा खुर्चीवर बसली होती. तिनं विचारायचं ते विचारलं. "येतोस का?"

माधवराव भाताकडे बघत म्हणाले, "इथे बरं वाटतं गं."

"वैशू ग्रॅज्युएट होतेय."

"हो? अरे वा!"

बबनरावांना राहवेना. मोठ्यानं म्हणाले, "हे पाहा माधवराव, गाडी उभी आहे. बॅग भरा. आम्ही सरकून बसतो, चला!"

माधवरावांनी दारातून त्या लांबलचक गाडीकडे बघितलं. अगदी नीट बघितलं. आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, "पाचच बसतात हो त्यात."

आम्ही सगळे खाली बघायला लागलो. कुमुद वाकून सुधाच्या कानात म्हणाली, "अगं, घराचं खरं, पण बाई नाहीये कुणी! सगळं बघितलं मी. उगाच बोलले मी तेव्हा."

सुधा म्हणाली, "असती तर बरं झालं असतं."

मग उठली. मांडणीवर एक ताट होतं, एक वाटी. ती माधवरावांना म्हणाली, "दुसरं ताट कुठाय?"

त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. "ते? ते शेजारी दिलं. कोंबड्यांना."

सुधा मागच्या दारानं गेली. आम्ही खिडकीतून बघत होतो. म्हातारी भिंतीशी बसली होती. कोंबड्या ताटातलं पाणी पीत होत्या. उन्हात नाव चमकत होतं. सुधानं वाकून ताट उचललं, पाणी ओतून दिलं. म्हातारी बिचारी उठून काहीतरी सांगायला लागली, तिला सुधानं हातानं बसवलं. वाळू घेऊन ताट घासलं, हौदावर धुतलं, पदरानं पुसलं, आणि आत आली.

भात झाला होता. स्वतःच्या हातानं वाढून घेतला, वर तिकडची ती लाल मिरचीची चटणी. खाली मांडी घालून बसली, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि जेवली. शीत न शीत. माधवराव उभे होते.

जेवण झाल्यावर ताट पुन्हा घासलं. हौदातलं स्वच्छ पाणी त्यात काठोकाठ भरलं, दोन्ही हातांनी धरून, न सांडता, अंगणात नेलं आणि होतं त्याच जागी ठेवलं.

"या गं बायांनो," म्हणाली, "प्या पाणी."